चौथ्या ध्वनीची कुळकथा

एमआरआयच्या बोगद्यात निजलेल्या माणसाला जी ठकठक ऐकू येते, ती तारांच्या वेटोळ्यांची. खारघर-नेरुळच्या रुग्णालयांतल्या अशा यंत्रांचे चुंबक गार राखणारे द्रव हेलियम मात्र मुकाट असते, उणे २६९ अंशांवर. त्याला आणखी दोन अंश निववले की ते अतिप्रवाही होते, आणि मग त्याच्यात ध्वनीचे एक अख्खे घराणे नांदू लागते.

घराण्याचे मूळ, म्हणजे हेलियमचा शोध, आपण विजयदुर्गावर दाखवतो, ते दुरुस्त करायला हवे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्यज्वालांच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ यान्सेन यांना गुंटूरला आणि लेफ्टनंट हर्शेल यांना पटवर्धनांच्या जमखंडीत दिसली. ज्यांच्या नावावर हा शोध सांगतात, ते लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. विजयदुर्गावर ते आले १८९८ च्या ग्रहणाला.

अतिप्रवाहिता १९३८ मध्ये जाहीर झाली, मॉस्कोत आणि केंब्रिजमध्ये. त्याच वर्षी टिसा यांनी मांडले, की हे द्रव दोन द्रवांच्या मिसळीसारखे वागते : एक नेहमीचे चिकट, दुसरे घर्षणाचा लवलेश नसलेले. दोन्ही मिळून हलली तर पहिला ध्वनी. एकमेकांच्या उलट हलली तर तापमानाची लाट, म्हणजे दुसरा; पेश्कोव यांनी तो १९४४ मध्ये पकडला. तिसरा पातळ थरावरचा.

चौथ्याची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते. नळीत बारीक पूड ठासून भरायची आणि फटींत हेलियम मुरू द्यायचे. चिकट भाग कणांना धरून जागीच अडकतो. घर्षणहीन भाग तेवढा छिद्रांतून ये-जा करतो, आणि ध्वनी वाहतो तो एकटाच. ॲटकिन्स यांनी १९५९ मध्ये तिसऱ्या-चौथ्याचे बारसे केले. रुडनिक आणि शापिरो यांनी चौथा १९६२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये प्रत्यक्ष ऐकला. त्याचा वेग मोजला की द्रवाचा किती हिस्सा अतिप्रवाही आहे, हे कळते. उणे २७१ अंशांच्या उंबरठ्याशी तो हिस्सा संपत जातो, तसा हा ध्वनीही मंदावत शून्यावर येतो.

पुढे पुडीच्या जागी एरोजेल आले, म्हणजे घन पदार्थाचे विरळ जाळे, जवळजवळ सगळे पोकळच. १९९१ मध्ये मेनार्ड आणि सहकाऱ्यांना त्यात वेगळेच आढळले : हे जाळे इतके हलके, की अडकलेल्या चिकट द्रवासकट तेच डोलू लागते. त्यामुळे तिथे निखळ चौथा ध्वनी मिळत नाही. मिळतो तो दुसऱ्याच्या चालीचा.