हातवाल्यांचे चुंबक

माझ्या मामूंचे गॅरेज होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे पाने पुसायला जात असे. मला सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट म्हणजे, नट हातातून सुटता कामा नये. जमिनीवर पडला तर शोधता येतो. इंजिनच्या अशा खाचेत पडला जिथे बोटे पोहोचत नाहीत, तर अर्धा दिवस गेला. आणि टायमिंगच्या साखळीत जाऊन बसला, तर गिऱ्हाइकाचे इंजिनच गेले. म्हणून मामू गोटीला आतून थोडे ग्रीस लावत. नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या पोलादी नळीला गॅरेजमध्ये गोटी म्हणतात. ग्रीसमध्ये नट चिकटवायचा, श्वास रोखायचा आणि गोटी हळूच आत सरकवायची. ग्रीस हाताशी नसेल तर कागदाचा चिटोरा मधे घालून नट घट्ट बसवायचा.

आता मामू नाहीत. गॅरेज माझा मामेभाऊ चालवतो. मागे त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच्या हाताखालचा एक पोरगा चुंबकी गोटीने काम करत होता. गोटीच्या तळाशी छोटे चुंबक बसवलेले असते. नट आत टाकला की तो तिथेच धरला जातो, गोटी उलटी केली तरी पडत नाही. मला मामूंचे ग्रीसने माखलेले बोट आठवले.

त्याच संध्याकाळी मोहल्ल्यातल्या वाचनालयात माझे भाषण होते. विषय नेहमीचाच, मुसलमानांच्या विज्ञानाचे सुवर्णयुग. तो पोरगा हात धुऊन, शर्ट बदलून मागच्या ओळीत येऊन बसला होता. भाषण संपल्यावर उठून म्हणाला, "भाईजान, तुम्ही सांगितलेले सगळे इल्मवाले होते. त्यांच्यात हातवाला कुणीच नव्हता का?"

मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर लक्षात आले की उत्तर त्याच्या हातातल्या गोटीतच होते. हा लेख त्याच्यासाठी आहे.

आधी माझी एक चूक कबूल करतो. होकायंत्र मुसलमानांनी शोधले, असे मी त्या भाषणात ठोकून दिले होते. ते खरे नाही. चुंबकावर घासलेली सुई दक्षिण दाखवते, ही नोंद चीनमध्ये शेन कुओ याने 1088 च्या सुमारास केली. पण ही नोंद नीट वाचली तर कळते की सुई घासणारा शेन कुओ नव्हता. तो मोठा सरकारी अधिकारी. जागेचे शकुन-अपशकुन पाहणारे लोक सुईचे टोक चुंबकी दगडावर घासतात, ते त्याने पाहिले आणि लिहून ठेवले.

आपल्याकडचे दाखलेही असेच आहेत. इल्तुतमिशच्या काळात, 1232 च्या आसपास, मुहम्मद औफी याने दिल्लीत 'जवामिउल हिकायत' हा फारसी कथासंग्रह पुरा केला. त्यात समुद्रप्रवासातला एक प्रसंग आहे. वादळात दिशा हरवते. तेव्हा जहाजाचा कप्तान माशाच्या आकाराचा लोखंडी तुकडा पाण्याच्या भांड्यात सोडतो. मासा फिरतो आणि किब्ल्याच्या दिशेला तोंड करून थांबतो. हे लोखंड चुंबकावर घासलेले आहे, असा खुलासा औफीला मिळतो.

त्यानंतर दहा वर्षांनी, 1242-43 मध्ये, बैलक अल-किबजाकी शामच्या किनाऱ्याजवळून जहाजाने जात होता. रात्री तारे दिसेनासे झाले. खलाशांनी पाण्याच्या भांड्यात काडीत खोचलेली सुई तरंगत ठेवली, तिच्यावरून चुंबकी दगड गोल फिरवला आणि झटकन हात काढून घेतला. सुई उत्तर-दक्षिण स्थिरावली. बैलकने हे 1282 मध्ये आपल्या ग्रंथात लिहिले. हिंदी महासागरातले नावाडी सुईऐवजी लोखंडी मासा वापरतात, हेही त्याने नोंदवले. आपले कोकण त्याच समुद्राच्या काठी आहे. त्याच शतकाच्या अखेरीस येमेनचा सुलतान अल-अशरफ याने होकायंत्राने किब्ला कसा ठरवावा यावर लिहिले.

औफी, बैलक आणि अल-अशरफ यांची नावे आपल्याला माहीत आहेत. दगड फिरवून झटकन हात काढून घेणाऱ्या कप्तानाचे नाव कुणालाच माहीत नाही. खरे तर ते कसब त्याचे होते. लिहिणारा शेजारी उभा राहून पाहत होता.

दिशा दाखवणे हे चुंबकाचे एक काम झाले. लोखंड धरणे हे दुसरे. गोटीत तेच काम चालते, आणि तेही जुनेच आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेले शल्य काढण्याच्या उपायांमध्ये अयस्कांत, म्हणजे चुंबक, सांगितला आहे. तो केव्हा वापरावा याच्या अटीही दिल्या आहेत. टोक सरळ असावे, कुठे अडकलेले नसावे, त्याला आकडे नसावेत आणि जखमेचे तोंड पुरेसे मोठे असावे. गॅरेजमधल्या कुठल्याही उस्तादाला या अटी वाचून दाखवा, तो मान डोलावेल. इंजिनमध्ये पडलेला नट चुंबकाच्या दांडीने काढतानाही याच अटी लागू होतात. नट मोकळा असेल आणि वाट सरळ असेल तरच तो वर येतो.

1624 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये असाच एक प्रसंग घडला. एका माणसाच्या डोळ्यात पोलादाची कपची घुसली होती. फाब्रिकियस हिल्डानुस हा तिथला नामवंत शल्यवैद्य, पण त्याची हत्यारे हरली. त्याची बायको मारी कोलिने ही सुईण होती आणि शस्त्रक्रियेतही हुशार होती. चुंबक लावून पाहू, असे तिने सुचवले. नवऱ्याने पापण्या उघड्या धरल्या, तिने चुंबक जवळ नेले आणि कपची बाहेर आली. हिल्डानुसने पुस्तकात हे श्रेय बायकोला दिले, म्हणून तिचे नाव उरले. सगळेच लिहिणारे इतके प्रामाणिक नसतात.

चुंबकाच्या आधुनिक शास्त्राची सुरुवात विल्यम गिल्बर्ट या इंग्रज डॉक्टरच्या 1600 सालच्या ग्रंथापासून मानतात. त्याच्या एकोणीस वर्षे आधी, 1581 मध्ये, लंडनच्या रॉबर्ट नॉर्मनने एक छोटे पुस्तक छापले होते. अनेक वर्षे समुद्रावर काढलेला हा माणूस पुढे होकायंत्रे बनवत असे. त्याची एक अडचण होती. आधी अचूक तोलून ठेवलेली सुई चुंबकावर घासली की उत्तरेकडचे टोक खाली झुके. मग तो ते टोक थोडे कापून तोल साधायचा. एकदा मोठ्या कष्टाने केलेली सुई जास्त कापली गेली आणि वाया गेली. नॉर्मन चिडला आणि हे टोक झुकते तरी का, याच्या मागे लागला. त्यातून कळले की सुई आडवीच फिरत नाही, ती जमिनीकडेही झुकते. पृथ्वीच एक चुंबक आहे, हे गिल्बर्टने नंतर मांडले. त्यात नॉर्मनच्या या शोधाचा मोठा आधार होता आणि गिल्बर्टने त्याचे नाव आदराने घेतले आहे. वाया गेलेल्या एका कामाच्या रागातून हे ज्ञान आले. असा राग कुठल्याही मेकॅनिकला ओळखीचा आहे.

मग प्रश्न उरतो, चुंबक इतके जुने असूनही मामूंच्या हाती ग्रीसच का होते?

नट आणि गोटीची बाजू थोडक्यात सांगतो. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये आट्यांची ठरावीक मापे मांडली. 1920 मध्ये अमेरिकेत स्नॅप-ऑन कंपनीने पाच दांड्या आणि दहा गोट्या असा सुटा संच विकायला काढला. कुठलीही गोटी कुठल्याही दांडीला लागायची, म्हणजे पन्नास पान्यांचे काम पंधरा तुकड्यांत होऊ लागले. गोटी आली, पण तिच्यात बसेल असे चुंबक तेव्हा नव्हते.

कारण जुनी पोलादी चुंबके नाजूक प्रकृतीची. ठोका बसला, ऊन लागले की त्यांचा जोर उतरायचा. आखूड तुकडा तर फारच लवकर निकामी व्हायचा. म्हणून त्यांना लांब किंवा घोड्याच्या नालासारखा आकार देत आणि काम संपल्यावर दोन्ही टोकांवर लोखंडी पट्टी ठेवत. गॅरेजमध्ये तर सारखी ठोकाठोक आणि इंजिनची धग. गोटीच्या तळाशी बसेल एवढा तुकडा तिथे काय टिकणार?

ही अडचण जपानमध्ये सुटायला लागली. कोतारो होंडा याने 1917 मध्ये कोबाल्ट घातलेले जोरदार चुंबकी पोलाद बनवले. 1931 मध्ये तोकुशिची मिशिमा याने लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणातून त्याहून चिवट चुंबक काढले. अल्निको चुंबके त्याच घराण्यातली. अशी बुटकी चुंबके धक्क्याला सहजी दाद देत नाहीत. 1983 मध्ये जपानचे मासातो सागावा आणि जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटांनी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक जाहीर केले. जनरल मोटर्सला ते गाड्यांच्या मोटारींसाठी हवे होते. आज नखाएवढे निओडिमियम मोठा बोल्ट लटकवून धरते.

तरी मामूंचे ग्रीस मोडीत निघालेले नाही. पितळेचा, ॲल्युमिनियमचा आणि बऱ्याच स्टेनलेस स्टीलचा नट चुंबकाला दाद देत नाही. तिथे ग्रीसच लागते. साधे निओडिमियम ऐंशी अंशांच्या वर तापले की त्याचा जोर कमी होऊ लागतो, म्हणून गोटी गरम इंजिनवर विसरायची नाही. चुंबकाला लोखंडाचा चुराही चिकटतो. तो न पुसता गोटी आत घातली, तर नट वाचवता वाचवता चुरा इंजिनमध्ये जातो. आणि चुंबक नट फक्त धरते. आटे नीट बसले की नाही हे बोटालाच कळते. म्हणून पहिले दोन फेरे दांडी न लावता, हातानेच द्यायचे. हे मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही. त्या पोरानेच दाखवले.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की मुसलमान नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यात जास्त आहेत, आणि त्या धंद्यांमध्ये वाहनदुरुस्ती ठळकपणे दिसते. हा आकडा आपण मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचतो. शाळा सुटली आणि पोरगा गॅरेजला लागला, की घरात मातम केल्यासारखे बोलतो. शाळा सुटणे वाईटच आहे, त्याची तरफदारी मी करणार नाही. पण ज्या हातात गोटी आहे तो हात अडाणी आहे, असे कुणी म्हणाले तर ते इतिहासाला धरून नाही. बगदाद आणि कुर्तुब्याचे गोडवे गाणारे आपण, आपल्याच गल्लीत पाहून शिकलेले ज्ञान मोजायला विसरतो. औफी आणि बैलक यांनी निदान कप्तानाकडे लक्ष दिले आणि पाहिले ते लिहिले.

मामूंचे कसब मी लिहून ठेवले नाही. ग्रीस किती लावावे, कुठल्या गाडीत नट कुठे पडतो, आवाजावरून काय ओळखावे, हे सगळे त्यांच्याबरोबर गेले. आता दर महिन्याला एक रविवार मी वही घेऊन गॅरेजमध्ये बसतो. तो पोरगा काम करता करता सांगतो, मी लिहितो. पहिल्या पानावर त्याचे नाव आहे.