बांध, खेकडे आणि जाळी

मध्यंतरी एका मित्राच्या फार्महाऊसवर जायचा योग आला. नागोठणं सोडून कोलाडकडे जाताना, रोहा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी त्याची जमीन आहे. मित्र मुंबईकर आणि हौशी. ओढा अडवून त्याने मातीचा बांध घातलाय, चांगला दोन पुरुष उंच. मागे तळं, तळ्यात मासे, एक होडी, काठावर खुर्च्या. शनिवार-रविवारची झकास सोय. मीही होडीतून दोन चकरा मारल्या, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी बांधावरून चालताना मात्र दोन गोष्टी दिसल्या. बांधाच्या बाहेरच्या अंगाला खेकड्यांची बिळं होती. आणि जादा पाणी ज्या सांडव्यावरून जायचं, तिथे तारेची जाळी ठोकली होती. "पावसात मासे वाहून जातात रे," मित्र म्हणाला. बांधाच्या खाली ओढ्याकाठी कातकऱ्यांची वाडी आहे.

ती बिळं बघून मला आजोबा आठवले. आमचं मूळ गाव पेणच्या खारेपाटात. आजोबा प्रत्येक उधाणानंतर काठी घेऊन बांधावर फिरायचे, चिंबोरीचं बीळ दिसलं की तिथल्या तिथे चिखल दाबायचे. म्हणायचे, "आज टोपलीभर चिखल लागतो, उद्या गाडीभर लागेल." लहानपणी मला तो म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटायचा.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की या चाळ्यामागे मोठा इतिहास आहे. पेणच्या खाड्यांलगतची बरीच भातशेती मुळात खाजणं होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐपतदार लोकांनी सरकारशी करार करून पदरच्या पैशाने मातीचे बांध घातले आणि खाडीचं पाणी अडवलं. हे शिलोत्रीदार. कुळांकडून त्यांना दर बिघ्यामागे मणभर भात जास्तीचं मिळे, त्याला शिलोत्र म्हणत. ते भात मालकीचा मोबदला नव्हतं. बाहेरचा मोठा बांध आणि उघाड्या नीट ठेवायच्या, म्हणून ते होतं. भरतीला उघाडीची दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडतात. अगदी साधी युक्ती. पण बांधाला खांड गेली की खारं पाणी आत आलंच, आणि मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको.

व्यवस्था चांगली होती, पण ती चालायची शिलोत्रीदाराच्या नियतीवर. भात घ्यायचं आणि बांधाकडे बघायचं नाही, असं होऊ लागलं की भोगायचं कुळांनी. शेवटी सरकारला मधे पडावं लागलं. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला. तरी खारभूमीच्या कागदांत आजही सरकारी योजना आणि खाजगी योजना असे दोन रकाने आहेतच.

आता जाळीबद्दल. तिथून माझं मन थेट अमेरिकेत गेलं, पेणहून पेनसिल्व्हेनियात म्हणा ना! जॉन्सटाउन गावाच्या वर साधारण १४ मैलांवर साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. मुळात ते कालव्यासाठी सरकारने बांधलेलं. पुढे १८७९ मध्ये ते विकत घेतलं गेलं आणि तिथे श्रीमंतांचा मासेमारीचा क्लब निघाला. कार्नेगी, फ्रिक असले बडे लोक सभासद. तळाशी पाणी सोडायचे नळ आधीच काढून विकलेले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा खाली आणून रुंद केला. आणि महागाचे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला मुसळधार पावसात त्या जाळ्यांत काटक्या-कचरा अडकला, पाणी माथ्यावरून वाहू लागलं आणि धरण फुटलं. २,२०९ माणसं मेली. क्लबला कोर्टात कुणीही जबाबदार धरू शकलं नाही.

इतकं लांब तरी कशाला जायचं? २ जुलै २०१९ च्या रात्री आपल्या कोकणातच, चिपळूण तालुक्यात, तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं. वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला आणि सगळा महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही. खेकडे बांध पोखरतात हे आजोबांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते रोज फिरत होते!

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरची. मित्राचा बांध त्यात बसत नाही. म्हणजे त्याच्या बांधावर नजर ठेवणारा तो एकटाच, आणि तोही शनिवार-रविवारी. बाकीचे पाच दिवस बांधाखाली राहतात ती वाडीतली माणसं, आणि त्यांना विचारून तर काही बांधलेलं नाही.

हे सगळं मी त्याला त्याच रात्री जेवताना सांगितलं. तो आधी हसला, मग गप्प झाला. "बघतो," म्हणाला. मी मात्र त्याला सांगून ठेवलंय, मृग लागायच्या आत परत येणार आहे. होडीसाठी नाही. जाळी निघाली की नाही ते बघायला, आणि सोबत एक फावडं घेऊन.

असो. घरातल्या मंडळींना एक विनंती. आपल्या गावच्या बांधाचे, शिलोत्राच्या पावत्यांचे जुने कागद कुणाच्या ट्रंकेत असतील तर मला जरूर कळवा. आत्याकडे होते असं ऐकलंय.