पिकअपची बॅटरी उभ्या गाडीत डाऊन का होते? करंट खाणारा चोर असा शोधा

छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजार समितीत भाजीपाल्याचे लिलाव सकाळी लवकर होतात. त्यामुळे फुलंब्री, खुलताबाद, गंगापूर, पैठण या भागांतून माल आणणाऱ्या पिकअप पहाटेच निघतात. अशा वेळी चावी फिरवल्यावर फक्त 'टक टक' आवाज आला आणि सेल्फ फिरलाच नाही, तर मागे भरलेला माल तसाच राहतो.

मग धक्का मारला जातो, नाहीतर दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावली जाते. चार दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी नवी बॅटरी बसवली जाते आणि काही आठवड्यांत तीही डाऊन होऊ लागते. असं झालं तर दोष बहुतेक वेळा बॅटरीचा नसतो. गाडी बंद असतानाही कोणीतरी करंट खात असतं. इंग्रजीत याला 'पॅरासिटिक ड्रेन' म्हणतात, गॅरेजच्या भाषेत 'करंट लीक'.

बंद गाडीला करंट लागतो का?

थोडा लागतोच. घड्याळ, रेडिओची मेमरी, सेंट्रल लॉक आणि इंजिनचा ईसीयू यांना चावी काढल्यावरही किंचित वीज हवी असते. साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट जात असेल तर काळजीचं कारण नाही.

हिशोब सोपा आहे. समजा, बॅटरी ७५ अँपिअर-अवरची आहे. ३० मिलिअँपिअर करंट जात असेल तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरही खर्च होत नाही. चांगली बॅटरी असेल तर गाडी महिनाभर उभी राहूनही सुरू व्हायला हवी. पण केबिनमधला ५ वॅटचा दिवा चालू राहिला, तर दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर जातात आणि चार दिवसांत बॅटरी निम्म्यावर येते. म्हणूनच रोज चालणाऱ्या गाडीत हा दोष दिसत नाही आणि सलग सुट्ट्यांनंतर अचानक उघड होतो.

वारंवार डाऊन होणं बॅटरीला का मारतं?

गाडीची लेड-ॲसिड बॅटरी काही सेकंद जोरात करंट देऊन इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते. ती पूर्ण उतरली की प्लेटवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि वेळेत चार्जिंग झालं नाही तर तो कडक होतो. दरवेळी क्षमता थोडी कमी होते. त्यात मराठवाड्यातला ४० अंशांचा उन्हाळा बॅटरीचं आयुष्य आणखी घटवतो. मूळ दोष तसाच ठेवून नवी बॅटरी टाकली तर तिचीही तीच गत होते.

आधी दोन गोष्टी तपासा

पहिली, बॅटरी. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

दुसरी, चार्जिंग. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या आसपासच आकडा अडकला असेल तर आधी अल्टरनेटर, म्हणजे ज्याला अनेक जण 'डायनामो' म्हणतात तो, आणि त्याचा बेल्ट बघा.

मीटर नसेल तरी एक चाचणी करता येते. चार्ज केलेल्या बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि नेहमी जितक्या दिवसांत बॅटरी उतरते तितके दिवस थांबा. केबल जोडल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर बॅटरी ठीक आहे, चोर गाडीत आहे. केबल काढूनही बॅटरी उतरली तर बॅटरीच खराब आहे.

चोर पकडण्याची पद्धत

१. सगळे दिवे, टेप, पंखा बंद करा आणि चावी काढून गाडीपासून लांब ठेवा. दार उघडं ठेवावं लागलं तर त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणा, नाहीतर केबिनचा दिवा चालू राहतो.

२. मल्टिमीटर डीसी अँपिअरवर लावा आणि लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घाला. निगेटिव्ह केबल काढा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी काढलेल्या केबलला लावा. आता सगळा करंट मीटरमधून जातो.

३. लगेच निष्कर्ष काढू नका. केबल जोडताच गाडीतली इलेक्ट्रॉनिक युनिट जागी होतात आणि आकडा जास्त दिसतो. ती झोपी जायला अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून जास्त वेळ लागतो. त्यानंतरही आकडा ५० मिलिअँपिअरच्या बराच वर असेल तर शोध सुरू करा.

४. फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येतो, त्या लाइनवर चोर आहे. फ्यूज फक्त लाइन सांगतो, नेमकी वस्तू नाही. झाकणावरचा तक्ता बघून त्या लाइनवरच्या वस्तूंचे सॉकेट एकेक करून काढावे लागतात.

५. सगळे फ्यूज काढूनही करंट जात असेल तर बॅटरीवरून थेट जोडलेल्या वायरी आणि अल्टरनेटर तपासा. अल्टरनेटरमधला डायोड खराब झाला की करंट उलटा वाहतो. हे बघायला आधी बॅटरीची केबल काढा, मग अल्टरनेटरची जाड वायर काढून तिला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर दोष तिथेच.

पिकअपमध्ये नेहमीचे संशयित कोण?

मालवाहू गाड्यांत कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर केलेल्या जोडण्यांवर आधी संशय घ्यावा. चावीच्या लाइनवर न देता थेट बॅटरीवरून दिलेली म्युझिक सिस्टीम, जादा एलईडी दिवे, मोठा हॉर्न, सतत लावलेला मोबाइल चार्जर हे त्यातले मुख्य. जीपीएस ट्रॅकर गाडी उभी असतानाही थोडा करंट घेतोच. तो चालकाने परस्पर काढू नये, मालकाला विचारावं.

त्याशिवाय चिकटलेला रिले, ब्रेक लाइटचा अडकलेला स्विच आणि दाराचा खराब स्विच हेही नेहमीचे. बॅटरीच्या वरच्या बाजूला धूळ आणि ॲसिडचा ओला थर साचला तर त्यातूनही थोडा करंट वाहतो. तो स्वच्छ पुसणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

या चुका टाळा

मीटर मध्ये जोडलेला असताना सेल्फ मारू नका. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज लगेच उडतो. केबल काढताना आधी निगेटिव्ह काढा, जोडताना निगेटिव्ह शेवटी जोडा. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट नको. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज कधीच लावू नका, वायरिंग पेटू शकतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. युरिया वापरणाऱ्या अनेक बीएस-६ डिझेल गाड्यांत चावी काढल्यावरही थोडा वेळ युरियाची लाइन रिकामी होत असते. त्यामुळे इंजिन बंद केल्या केल्या केबल काढू नये. तसंच बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर नव्या डिझेल गाड्या धक्का मारूनही सुरू होतीलच असं नाही, कारण ईसीयू आणि इंजेक्टरना वीज लागते.

कट-ऑफ स्विच लावला तर?

बॅटरीच्या केबलवर कट-ऑफ स्विच बसवून रात्री तो बंद करणं हा तात्पुरता मार्ग आहे. त्याने सकाळी गाडी सुरू होईल, पण दोष तिथेच राहील आणि जीपीएसही बंद पडेल. कुठे वायर घासून उघडी पडली असेल तर दिवसा गाडी चालताना तिचा धोका कायम असतो.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर "बॅटरी बदला" ऐकण्याआधी तीन आकडे विचारा: बॅटरीचं व्होल्टेज किती, इंजिन चालू असताना किती आणि गाडी बंद असताना किती मिलिअँपिअर जातात. हे मोजायला तासभर लागतो. हे तीन आकडे हाती आले की नवी बॅटरी खरंच लागते का, ते तुम्हालाच कळेल.