राजहऱ्याचे अगरिया

राजहरा : भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारा डोंगर, आज बालोद जिल्ह्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा आणि अमेरिकी भूवैज्ञानिक चार्ल्स वेल्ड खनिजाच्या शोधात या मुलखात हिंडत होते. वाटेत अगरिया या लोखंड गाळणाऱ्या आदिवासी जमातीतले काही बायाबाप्ये टोपल्यांतून लोहखनिज नेताना भेटले. कुठून आणले, असे विचारताच त्यांनी डोंगराकडे बोट दाखवले.

अगरिया मातीच्या भट्टीत लाकडी कोळसा घालून, पायाने भाते दाबत लोखंड गाळत. कोणता दगड गाळण्याजोगा, ही पारख पिढीजात होती.

राजहऱ्याजवळ पुरेसे पाणी नसल्याने टाटांनी कारखाना साकचीला (आजचे जमशेदपूर) उभारला. राजहऱ्याचे खनिज पुढे भिलाईच्या कामी आले; तिथली पहिली झोतभट्टी १९५९मध्ये पेटली. राजहऱ्याच्या शोधाचे श्रेय नुसत्या भूवैज्ञानिकांना देणे अपुरे आहे.