बोटांशिवायची पकड

आपल्या कुस्तीत पाठ मातीला टेकली की निकाल लागतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र पाठीवर पडलेला गडी तिथूनच लढू लागतो. समोरच्याला दोन पायांत धरून ठेवायचे, याला ‘गार्ड’ म्हणतात. पूर्वी या पकडीची बरीचशी मदार कापडावर होती. जाड सुती अंगरख्याची कॉलर किंवा बाही मुठीत आवळायची.

लॉस एंजेलिसमधले ब्राझिलियन गुरू जाँ जाक माशादो यांच्या डाव्या हाताला जन्मतःच बहुतेक बोटे नाहीत. कापड धरणार कसे? ते समोरच्याच्या काखेत हात अडकवून लढत. त्यांचा शिष्य एडी ब्रावो हेच शिकला. अंगरख्याविना, घामाने निसरड्या अंगांच्या लढतीत हे कामी येणार, हे त्याने ओळखले. मग त्याने आपल्याच पायाची दोरी केली! पाय समोरच्याच्या पाठीवर उंच चढवायचा आणि स्वतःची नडगी हाताने आवळायची. वरचा गडी वाकलेलाच राहतो. ठोसा मारायला ताठ होता येत नाही. हाच ‘रबर गार्ड’.

नाव जरा फसवे आहे. मांडी घालताना खुबा बाहेर वळतो, तसाच तो इथे वळायला हवा. खुबा चोहीकडे फिरतो, गुडघा मात्र मुख्यतः बिजागरीसारखा. खुबा अडलेला असताना पाय ओढला, तर पीळ गुडघ्यात जातो. नवशिके नेमके इथेच घाई करतात. आधी जमिनीवर बसून नडगी तान्ह्या बाळासारखी कुशीत घ्यायची, हळूहळू छातीकडे आणायची. गुडघ्यात कळ आली की थांबायचे. हे काम महिनोन्‌महिन्यांचे.

मे २००३ मध्ये साओ पावलोच्या एडीसीसी स्पर्धेत ब्राऊन बेल्ट ब्रावोसमोर आला रॉयलर ग्रेसी, तीन वेळचा विजेता आणि या विद्येच्या मूळ घराण्यातला. ब्रावोने त्याला पायांच्या त्रिकोणी फासात अडकवून शरण आणले. गंमत म्हणजे तो फास ज्युदोतला, जुनाच! पुढच्याच फेरीत ब्रावो हरला, पण परतल्यावर माशादोंनी त्याला ब्लॅक बेल्ट दिला. त्याच वर्षी त्याने ‘टेन्थ प्लॅनेट’ ही शाळा काढली.

हे फक्त लवचीक माणसांचे काम, असा आक्षेप आजही घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. ताठ खुब्याच्या माणसाला इथे दुप्पट खपावे लागते. मार्च २०१४ मध्ये ब्रावो आणि रॉयलर पुन्हा भिडले. वीस मिनिटे झुंजले. कुणीच शरण गेले नाही. लढत बरोबरीत सुटली.