भिलाईचे मोजमाप

भिलाईस गेलो की सिविक सेंटरमध्ये एक फेरी होतेच. तेथील दुकानांसमोरून चालताना दर वेळी एक प्रश्न मनात येतो : हे उद्योगांचे शहर आहे, की एका उद्योगाचे?

प्रशासनात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. शहराला कोणते साहाय्य द्यावयाचे, हे त्यावर ठरते. उद्योगांचे केंद्रीकरण मोजण्याची जुनी रीत सोपी आहे. शहरातील एकूण कामगारांत एखाद्या उद्योगाचा जो वाटा असेल, त्याला देशातील त्याच वाट्याने भागावयाचे. समजा, शहरात तो २० टक्के आणि देशात १ टक्का असेल, तर गुणक २० येतो.

आता इचलकरंजी पाहा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला. एकाचे पाहून दुसऱ्याने माग घेतला आणि घरोघरी मालक झाले. भिलाईची कथा वेगळी. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. येथे कारखाना आधी आला आणि नगर त्याच्यामागून वसले. गुणक मात्र दोन्हीकडे मोठाच येणार! हजार दारे आणि एक फाटक यांतील भेद त्याला दिसत नाही. १९९७ साली एलिसन आणि ग्लेझर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी कारखान्यांचा आकार हिशेबात धरणारा निर्देशांक मांडला, तो याचसाठी.

दुसरी अडचण सीमेची. भिलाईचे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून येते. जानेवारी २०१२ मध्ये दुर्ग जिल्ह्यातून बालोद जिल्हा वेगळा झाला आणि खाण तिकडे गेली. जिल्हावार मोजणी केली, तर खाण व भट्टी एकमेकींना परक्या ठरतात. रुळावरची मालगाडी मात्र पूर्वीसारखीच धावते. म्हणून दुर्ग, भिलाई, रायपूर आणि खाणींची गावे एकत्र धरूनच मोजले पाहिजे.

हजार मालकांपैकी काही बुडाले, तरी कारागिराला शेजारी काम मिळू शकते. एका फाटकातील भरती घटली की सिविक सेंटरमधील दुकानदारालाही त्याची झळ लागते. एकच आकडा पाहून दोन्ही शहरांना एकच योजना लागू करणे, हा माझ्या मते आपल्या नियोजनातील मोठा दोष होय. फाईलवर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एवढे तरी विचारावे : गुणक किती, याबरोबरच दारे किती?