गोष्टीतून इंग्रजी : खान्देशाची वाटचाल

३१ जुलै १९३७ रोजी बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. इंग्रजीत कायदा मांडणारा आपला माणूस खान्देशाने पाहिला. आमच्या पिढीला मात्र मराठी शाळेत इंग्रजी भेटली ती पाचवीत. घरी अहिराणी, वर्गात मराठी, त्यात एकदम ए-बी-सी-डी. स्पेलिंग येईना, की पोरगं मागच्या बाकावर गेलंच!

जून २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. पण ती कानावर पडणार कुठे? २०१५ नंतर हर्षल विभांडिक यांचा पुढाकार आणि गावोगावची लोकवर्गणी यांतून धुळे जिल्हा परिषदेच्या सुमारे ११०० शाळा डिजिटल झाल्या. २०१५ सालीच प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' सुरू झाले. एकच गोष्ट मराठीत व इंग्रजीत फुकट मिळू लागली. चित्र पाहून, मराठी ऐकून अर्थ आधी कळतो. स्पेलिंग मागाहून येते. मागे पडलेल्या मुलाला हाच आधार.

मात्र पडदा गोष्ट सांगतो, मुलाचे ऐकत नाही. "मग पुढे काय झालं?" हे आपणच विचारायचे. मूल आधी अहिराणीत सांगेल, मग मोडक्या इंग्रजीत. त्याला हसू नये. तथागतांनी धम्म लोकभाषेतच सांगितला. जातककथाही आधी कानांनी ऐकल्या गेल्या, नंतर लिहिल्या गेल्या.

वर्गणीतून विहार उभा राहतो, शाळाही उभी राहते. आता वर्षावासात ग्रंथवाचनानंतर अर्धा तास मोबाईलवर एक इंग्रजी गोष्ट लावू या, पोरांना बोलतं करू या. 'शिका' हा आदेश मागच्या बाकासाठीही आहे. जयभीम!